जुनी डिस्क आतच राहू दे

दुरुस्तीला दिलेली वस्तू परत घेताना मी जुना पार्ट मागून घेते. मिक्सरचा कपलर असो की स्कूटरची ब्रेक केबल, बदललेला तुकडा पिशवीत पडल्याशिवाय पर्स उघडत नाही. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या स्क्रूंवर तर मी लाल नेलपॉलिशचे ठिपकेच देऊन ठेवले होते. कोणी हात लावला तर कळावं म्हणून.

मी घरूनच अंबडच्या छोट्या वर्कशॉपना मशीनच्या भागांची ड्रॉइंग करून देते. लॅपटॉप फार रेंगाळायला लागला होता आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने बजावलं होतं, "मॅडम, शुक्रवारी ड्रॉइंग आलं नाही तर पुढची कामं दुसरीकडे जातील." म्हणून सिडकोतल्या एका दुकानात एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवायला गेले.

दुकानदार म्हणाला, "ताई, एसएसडीला आत वेगळी जागा आहे. पण ही जुनी डिस्क थकलीय. काढून हातात देतो."

"ती आतच राहू दे. माझी सगळी जुनी कामं आहेत त्यात. आणि हे ठिपके दिसतायत ना? तसेच हवेत."

"लोणच्याच्या बरणीलाही लावता का हो ठिपके?" तो हसला, पण डिस्क आत राहिली. काढायची त्याला एवढी हौस का, हे माझ्या मनात आलंच. हातात देताना दुसरीच काळी डबी टेकवली असती तर मला काय कळणार होतं?

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काम करता करता पॉइंटर जागीच थिजला. मग निळा पडदा आला आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. दुपारपर्यंत हेच चाललं होतं.

"डुप्लिकेट एसएसडी माथी मारली," मी नवऱ्याला म्हणाले. "नाहीतर रॅम बदलली."

"अगं, फसवायचं असतं तर तो बोर्ड लावून बसला असता का?"

"बोर्ड लावूनच फसवतात."

पण पुराव्याशिवाय भांडायला जाण्यात अर्थ नव्हता. मागचं झाकण उघडून रॅमवरचा नंबर आधी काढून ठेवलेल्या फोटोशी ताडून पाहिला. तोच होता. एसएसडी तपासायचा प्रोग्रॅम चालवला. तिची तब्येत ठणठणीत. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं, तरी लॅपटॉप अडकलाच. मग तो अडकतो तेव्हा मी नेमकं काय करत असते, याकडे लक्ष दिलं. दर वेळी मी जुनं एखादं काम उघडत होते. नवीन, कोऱ्या पानावर सुरू केलेलं ड्रॉइंग एकदाही अडकलं नव्हतं.

नवऱ्याला मिक्सर बंद करायला लावला आणि लॅपटॉपला कान लावला. टक्... टक्. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे आवाज जुन्या डिस्कचाच. ती उत्तर देईना आणि तिची वाट बघत बाकी सगळं थांबत होतं. ठिपके अभंग होते. तिला कोणी हात लावला नव्हता, मीच लावू दिला नव्हता. स्क्रू फिरवून ती काढली आणि लॅपटॉप सुतासारखा सरळ चालू लागला.

पण शुक्रवारच्या ड्रॉइंगची मूळ फाइल तिच्यातच होती. पुन्हा सिडको.

"काय ताई, बदलली होती का मी?"

"नाही."

"मग आणा इकडे."

त्याने डिस्क एका बाहेरच्या डबीत घालून केबलने जोडली. मी स्टूल ओढून स्क्रीन दिसेल असं बसले. "चहा घ्या, मी कुठं पळत नाही," तो म्हणाला. मी स्टुलावरूनच कप घेतला. बऱ्याच फाइल्स गेल्या त्या गेल्याच, पण हवी होती ती निघाली.

शुक्रवारी अंबडला ड्रॉइंग घेऊन गेले. गिऱ्हाइकाने कपाटातून जुनी प्रिंट काढली आणि एकेका मापावर बोट ठेवत दोन्ही कागद ताडून पाहिले. मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. शेवटी त्याने एक झिजलेला लोखंडी भाग टेबलावर माझ्याकडे सरकवला. "याचं ड्रॉइंग कधी द्याल?"

मी तो भाग उजेडात फिरवून पाहिला. एका कडेला बारीक तडा होता.

"देते पुढच्या आठवड्यात," मी म्हणाले. "पण हा तडा आधीचाच आहे, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या."