गाड्या ऐकणारे मामा

इंदूर शहरातल्या निम्म्याअधिक मोटारी मनातून आपल्या मालकाला नव्हे, तर माझ्या मामेसासऱ्यांना मानतात, अशी माझी पक्की समजूत आहे. मालक पेट्रोल भरतो, धुतो, दसऱ्याला हार घालतो, हे सगळं खरं. पण आपलं दुखणं ऐकून घेणारं माणूस परदेशीपुऱ्यात राहतं, हे त्या बिचाऱ्या जाणून असाव्यात. नाहीतर महिनाभर कुरकुरणारी गाडी मामांच्या गल्लीच्या तोंडाशी आली की एकदम शहाण्या मुलीसारखी का वागू लागते, याचा खुलासा मला आजवर कुणी केलेला नाही.

हे माझ्या बायकोचे मामा. मी साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलो, विजय नगरच्या एका ऑफिसात चिकटलो, इथल्याच मराठी घरात लग्न केलं आणि त्या लग्नात बायकोबरोबर मला हे मामा मिळाले. उंच, सडसडीत, गळ्यात बाराही महिने मफलर आणि डोळे नेहमी अर्धे मिटलेले. नवख्या माणसाला वाटावं, यांची झोप झालेली नाही. प्रत्यक्षात ते ऐकत असायचे. सांवेर रोडवर गिअरबॉक्स बनवणारा एक कारखाना होता, तिथे मामांनी सगळी नोकरी ऐकण्यात काढली. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स खोक्यात जाण्याआधी मामांपुढे यायचा. तो फिरवला जायचा, मामा लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग एवढंच बोलायचे, ‘जाऊ दे’ किंवा ‘परत.’ मामांनी ‘परत’ म्हटल्यावर शेठजीसुद्धा वाद घालत नसत. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा मामांनी ते बाजूला ठेवून तेवढा स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला.

गंमत अशी, की मामांनी स्वतःची गाडी कधी घेतली नाही. चालवता यायची, परवानाही होता. पण चालवताना त्यांचे डोळे रजेवर जात आणि सगळा कारभार कान बघत. एकदा शेजाऱ्यांची गाडी घेऊन ते मामींना एका साखरपुड्याला घेऊन निघाले. वाटेत पुढे एक ट्रक लागला. त्याच्या इंजिनाचा आवाज मामांना इतका गोड वाटला, की ते त्याच्या मागे मागे निघाले. मामी आधी बोलल्या, मग ओरडल्या, मग पर्समधला आरसा काढून केस सारखे करत बसल्या. ट्रक देवासला थांबला तेव्हा मामा खाली उतरले, ड्रायव्हरला म्हणाले, “भिया, गाडी संभालके रखी है,” आणि परत फिरले. साखरपुडा अर्थातच आटोपला होता. मामी सांगतात, परतीच्या वाटेवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, आपल्या लग्नात बँडवाला नीट वाजवत होता का? मामा म्हणाले, क्लॅरिनेटची पट्टी जरा सैल होती.

रविवारी सकाळी मामांच्या दारात गाड्यांची रांग लागे. ओट्यावर कोवळं ऊन, वेताची खुर्ची, मांडीवर पोह्यांची बशी, आणि पुढे माणसं आपापल्या तक्रारी घेऊन उभी. कुणाची गाडी एसी लावला की सिग्नलला बंद पडे, कुणाची डावीकडे ओढे, कुणाची थंडीत सकाळी जागीच होत नसे. माणूस सांगायला लागला की मामा हात वर करत. “तुम्ही नाही. पहले तिला बोलू दे.” मग बोनेट उघडे आणि मामा डोळे मिटून खुर्चीत मागे रेलत. त्या दोन-तीन मिनिटांत गल्लीत एक विलक्षण शांतता पसरे. भाजीवालासुद्धा हाळी देता देता थांबे. मामांचा चेहरा हळूहळू सैल होत जाई आणि ते कुठेतरी फार लांब, आपल्याला न दिसणाऱ्या गावी जाऊन पोचत. परत येत ते दुखण्याचं नाव घेऊनच. सैल पट्ट्याच्या किंवा झिजलेल्या ब्रेकच्या चीं-चीं आवाजाला ते ‘चिमणी’ म्हणत. बेअरिंग गेलं असेल तर ‘भुंगा.’ इंजिनाच्या डोक्यात टकटक होत असेल तर ‘शिंपी बसलाय.’ मेकॅनिकांनाही ही भाषा पाठ झाली होती. मामांची चिठ्ठी घेऊन गेलं, की तिच्यावर फक्त ‘पुढे उजवीकडे भुंगा’ एवढंच लिहिलेलं असे, आणि काम होऊन येई.

गाडी विकत घेणाऱ्यांना तर मामा भलतेच प्रश्न विचारत. एका प्राध्यापकांना टोलेजंग, उंच गाडी घ्यायची होती. मामांनी त्यांच्या आईंना शोरूममध्ये आणायला लावलं. आई एक पाय वर टाकून तशाच लोंबकळत राहिल्या. मामा म्हणाले, “जिच्यात आई चढू शकत नाही, ती गाडी आपली नव्हे,” आणि प्राध्यापक मुकाट्याने छोट्या गाडीकडे वळले. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना ते सांगत, बंद गाडीत पंधरा मिनिटं न भांडता बसून दाखवा, मग घ्या. जुन्या गाडीचा आकडा किती किलोमीटर दाखवतो याकडे ते ढुंकूनही बघत नसत. ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बोटाने चाचपत. एकदा एक चकचकीत गाडी आली. मालक सांगत होता, घर ते दवाखाना, याशिवाय गाडी कुठे गेलीच नाही. मामांनी मागच्या सीटखालचा गालिचा उचलला, चिमूटभर वाळलेला गाळ काढून तळहातावर घेतला आणि हळुवारपणे म्हणाले, “भिया, ही पोहलेली आहे.” खोटं पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कधी नसे. त्या पुरात सापडलेल्या गाडीचंच त्यांना वाईट वाटत होतं.

हे सगळं असंच चालत राहील, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका हिवाळ्यात मांडूला जायचं ठरलं. मी, बायको, आमची सात वर्षांची मुलगी आणि मामा. मामींचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरी राहणार होत्या. निघायच्या आधी आठवडाभर बायको म्हणत होती, की ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक चीं-चीं येते. मला ते कधी ऐकू येई, कधी नाही. मी गाडी मामांकडे नेली. मामा शेजारी बसले, डोळे मिटले, आम्ही परदेशीपुऱ्याला एक चक्कर मारली. मागून बायको तीनदा म्हणाली, “मामा, आत्ता वाजलं.” तिन्ही वेळा मामांनी डोळे उघडून तिच्याकडे नवलाने पाहिलं. शेवटी हसून म्हणाले, “तुला वहम झालाय, बाई. गाडी ठणठणीत आहे.” मामांनी ‘जाऊ दे’ म्हटल्यावर विषय संपला.

मांडू फार सुंदर झालं. तलावांवर धुकं होतं, मुलगी महालांच्या गच्च्यांवरून पळत होती आणि मामा एका घुमटाखाली उभे राहून टाळी वाजवून पाहत होते. परतताना उतारावर मी ब्रेक दाबला आणि खालून खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. गाडी थांबेना. मी गिअर खाली आणला, पुन्हा ब्रेक दाबला, समोर वळण दिसत होतं. शेवटी रस्त्याकडेच्या मातीच्या बांधावर गाडी घातली. ती धडकून उभी राहिली. मग मुलगी रडू लागली. तिचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं होतं, ओठ फुटला होता, आणि आधीच हलत असलेला दुधाचा दात तळहातावर आला होता. तेवढ्यावरच निभावलं, पण बांध नसता तर काय, हा विचार मला आजही कधीकधी येतो.

जवळच्या गावातून मेकॅनिक आला. चाक उतरवून त्याने आत पाहिलं आणि मान हलवली. ब्रेकचे पॅड पार संपले होते. “भिया, ये तो महीने भर से चिल्ला रही होगी,” तो म्हणाला. “किसी ने सुना नहीं?”

मामा बोनेटवर हात ठेवून उभे होते. बायको घाईघाईने म्हणाली, की शहराच्या गोंगाटात कुठे काय ऐकू येतं. मामांनी तिला बोलू दिलं. मग विचारलं, “बाई, त्या दिवशी ती खरंच वाजत होती?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो, मामा.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

मेकॅनिकने नवे पॅड बसवले. मामा मागच्या सीटवर मुलीशेजारी जाऊन बसले, तिचा दात आपल्या रुमालात गुंडाळला आणि इंदूर येईपर्यंत मुठीत धरून ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी ओट्यावर खुर्ची नव्हती. लोक येत, मामी दारातून सांगत, झोपलेत. तीन-चार रविवार असे गेले तेव्हा मी आत जाऊन बसलो. मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, की आपल्याला वर्षापासून माहीत होतं. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, सकाळचे पक्षी, बारीक आवाज मामांपर्यंत पोचेनासे झाले होते. जाड आवाज शाबूत होते, म्हणून त्यांना स्वतःला कळलं नव्हतं. “सांगायचं होतं,” मामी म्हणाल्या. “पण काय सांगणार? त्यांच्याजवळ दुसरं होतं काय?” घंटा वाजली की आपण मोठ्याने ‘आले, आले’ म्हणायचं, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती.

कानाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि यंत्र दिलं. मामांनी ते आठवडाभर लावलं. आमच्याशी बोलण्यापुरतं ठीक होतं, पण इंजिनापाशी नेलं की सगळ्या गाड्या एकाच पत्र्याच्या डब्यातून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. गाड्यांसाठी ते त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही.

फाल्गुनात एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांची लहानशी जुनी गाडी अलीकडे विचित्र आवाज करत होती. ठेवावी की विकावी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मामी नेहमीचं ‘झोपलेत’ म्हणणार, तोच मामा स्वतः बाहेर आले. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि सरळ सांगितलं, “मला आता ऐकू येत नाही. माझ्यामुळे घरातल्या लेकराला लागलं. तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा.”

बाई गोंधळून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मामी पदराला हात पुसत ओट्यावर आल्या आणि त्यांना म्हणाल्या, गाडी चालू करा. मग चाळीस वर्षं ज्या गोष्टीला त्या कंटाळल्या होत्या ती त्यांनी केली. बोनेटवर वाकून ऐकलं आणि मामांच्या कानाशी जाऊन सांगितलं, “शिंपी नाही. बारीक आहे. कढईत मोहरी तडतडते ना, संपत आल्यावर, एकेक दाणा उडतो, तसं. गाडी तापली की कमी होतंय.”

मामांनी मामींकडे पाहिलं. “डावीकडून की उजवीकडून?”

“उजवीकडून. खालून.”

मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, सायलेन्सरच्या सुरुवातीच्या जोडापाशी चीर असेल, किरकोळ काम आहे. गाडी विकू नका. तसंच निघालं. पुढच्या रविवारपासून ओट्यावर दोन खुर्च्या आल्या. आता लोक तक्रार घेऊन मामींकडे बघतात, मामी ऐकून मामांना सांगतात, आणि मामा उत्तर देतात. दोघांचे वाद होतात. मामींना हल्ली प्रत्येक गाडीत फोडणीच ऐकू येते, अशी मामांची तक्रार आहे. मामी म्हणतात, मग स्वतः ऐका. यावर मामा खळखळून हसतात.

यंदा आम्ही गाडी बदलली आणि विजेवर चालणारी घेतली. मामा-मामींना घेऊन सुपर कॉरिडॉरला फिरायला गेलो. संध्याकाळ होती, रुंद रस्ता जवळजवळ मोकळा, लांबवर इमारतींच्या काचांवर ऊन उतरत होतं. गाडी निघाली तशी मामांनी सवयीने डोळे मिटले. बराच वेळ तसेच होते. मग मागे वळून मामींना विचारलं, काय म्हणते? मामी म्हणाल्या, काहीच म्हणत नाही. मामांनी समोरच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवून पाहिला आणि काढून घेतला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “खरं सांगा. अगदीच काही नाही?”

होतं. वेग वाढला की एक फार बारीक सूर येत होता, धाग्याएवढा. मामींच्या वयाच्या कानांपर्यंत तो पोचत नसावा. मी तसं सांगितलं. मामा थोडे माझ्याकडे सरकले आणि म्हणाले, “कसा? काढून दाखवा.”

मी आयुष्यात आरतीसुद्धा मोठ्याने म्हटलेली नाही. पण रस्ता मोकळा होता आणि मामांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी तो सूर माझ्या घशाला झेपेल अशा जाड पट्टीत गुणगुणलो. मामांनी मान हलवली. म्हणाले, आता हळू करा. मी वेग कमी केला आणि सूर खाली आणला. आता वाढवा. मी वाढवला. मागे मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामांनी पुन्हा डोळे मिटून मान मागे टेकवली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. विमानतळाकडचं वळण येईपर्यंत मी गाडीचा आवाज काढत राहिलो आणि ते तो ऐकत राहिले.