राबाखालचा वाघचौरा

कमळूला घाई फार. शेणव्याच्या पलीकडच्या त्याच्या गावात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तो भात झोडायला लागला की निम्मे दाणे शेजाऱ्याच्या खळ्यावर. त्याची आई जनाबाई म्हणायची, "ह्यो पोटात पण नीट थांबला नाय."

बायको पारू अगदी उलटी. धसईकडची. लग्न होऊन आली तेव्हा गाठोड्यात, लुगड्याच्या घडीत, माहेरच्या मातीसकट तीन कंद घेऊन आली. वाघचौऱ्याचे. तिच्या माहेरच्या माळावर पावसाळ्यात हा गवतातून वर येतो. कमरेएवढा दांडा, त्यावर पांढरीशुभ्र फुलं, तळहाताएवढी. बाजूच्या पाकळ्या पिसासारख्या कातरलेल्या, मागं लांब शेपटी. दिवेलागणीला वास सुटतो. तिच्या माहेरी गौर आणतात ती तेरड्याचीच, पण जुडीच्या मधोमध वाघचौऱ्याचा एक दांडा हवाच. तो नसला तर गौर मुकी, असं तिची आई म्हणायची.

जनाबाईला ते पटलं नाही.

"आमच्या गौरीला तेरडा पुरतो. तुझ्या फुलाचं लाड आमच्या मातीत नाय चालायचं."

"चालतील, आत्या. माती तुमच्यासारखीच हाय. वरनं कडक."

जनाबाईला हसू आलं. ते तिने पदराआड लपवलं.

पारूने कंद डोंगरउताराच्या वरकस जमिनीच्या कोपऱ्यात, बांधाला लागून लावले. पहिल्या पावसाळ्यात नुसती पानं आली. दुसऱ्यातही पानंच. दिवाळीनंतर तीही वाळून गेली आणि वर काही दिसेना. म्हणून तिने तिथे दगडांचं कोंडाळं केलं. माती बोटाने उकरून पाहिली. जुना कंद सुरकुतला होता, पण त्याच्या कुशीला नवा धरला होता. चांगला टपोरा.

"यंदा फूल येणार," तिने सगळ्या आळीला सांगितलं.

जनाबाईनेही आळीला सांगितलं. "नाय आलं तर माझी गौर, माझा तेरडा. परत त्या फुलाचं नाव काढायचं नाय."

पारू कबूल झाली. कबूल झाली खरी, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. गौरीत ते फूल नसणं म्हणजे काय, हे तिला या घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

चैत्रात तिच्या भावाचं लग्न निघालं. जाताना ती कमळूला म्हणाली, "माझ्या दगडांवर नजर ठेवा."

"दगड काय पळून जातात?"

ती गेली आणि राबाचे दिवस आले. भाताचं रोप करायची जागा आधी भाजून घ्यायची. खाली शेण, त्यावर तोडलेल्या डहाळ्यांच्या मोळ्या, म्हणजे कवळं, वर पालापाचोळा आणि मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावायचा. सगळं धुमसत जळतं, तण मरतं, राखेवर रोप जोमाने येतं. त्या वर्षी कमळूला राब थोडा वाढवायचा होता. कोपऱ्यातले दगड आडवे आले. त्याने ते उचलून बांधावर टाकले. कवळं पसरली, विस्तव लावला आणि समाधानाने बिडी पेटवून बांधावर टेकला.

टेकला तो एका दगडावर. शेजारी दुसरा दगड होता. त्याच्याशेजारी तिसरा.

बिडी तोंडातच राहिली.

तो धावला. ओल्या फांदीने विस्तव झोडपला. पण राब एकदा धरला की ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी कोमट राखेवर त्याने दगड पुन्हा मांडले. कोंडाळं अगदी पहिल्यासारखं झालं. तेवढ्यावर त्याने समाधान मानलं.

पारूला आणायला तो धसईकडे गेला. पहाटे कुणी उठायच्या आत पहार घेऊन माळावर पोचला. दुसरे कंद न्यायचे, गुपचूप लावायचे, कुणाला काही कळणार नाही. पण उन्हाळ्यात माळावर वाघचौरा कुठला दिसतोय? त्याने इथे खणलं, तिथे खणलं. गवताची मुळं निघाली. एक विंचू निघाला.

"काय वो पावणं, काय पेरताय?"

मागे सासरा उभा होता, बारकू. हातात तांब्या.

कमळूने सगळं सांगून टाकलं. बारकू इतका हसला की तांब्यातलं पाणी सांडलं.

"आधी धोतर बघा तुमचं."

कमळूने पाहिलं. गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं.

"दरसाल वणवा लागतो या माळाला. कंद खाली निजलेला असतो. वर कोण जळतंय, त्याला काय त्याचं?"

"म्हंजे जगंल, मामा?"

"आगीनं नाय मरायचा. नांगरानं मरंल. तिथं नांगर घातलात तर धसईचा रस्ता विसरा."

"पारूला सांगू नका."

"मी कशाला सांगू? तुमाला तोंड हाय ना?"

तोंड होतं, पण ते उघडेना. येताना वाटभर कमळू गाठोडं स्वतः घेऊन मुकाट चालला. पारू म्हणाली, "बरं हाय ना तुमाला? सकाळपासनं कशाची घाई नाय केलीत." घरी पोचल्यावर ती आधी बांधावर गेली. दगडांपाशी बराच वेळ उभी राहिली. परत आली आणि चुलीकडे वळली.

पेरणीला नांगर धरला तेव्हा कमळूने कोपरा सोडून बैल वळवले. शेजारच्या बांधावरून देवराम ओरडला, "कमळू, कोपरा कुणाला आंदण दिला रे?"

"बैलाला वळायला जागा नको?"

"तुजा बैल कवापासनं एवढ्या लांबनं वळतो?"

राबावर रोप हिरवंगार आलं. कोपरा मात्र काळाच. कमळू रोज सकाळी जाऊन उकिडवा बसायचा. गावाने असा बसलेला कमळू कधी पाहिला नव्हता. रोप उपटून लावणी झाली. आणि एक दिवस दगडांच्या आत हिरवा कोंब डोकावला आणि जनाबाई खुरपं घेऊन त्यावर वाकली.

"आये! हात लावू नको!"

"अरे, तण हाय ते."

"तण नाय. सून हाय तुजी!"

जनाबाई खुरपं तसंच धरून मुलाकडे पाहत राहिली. पारू लांबून हे ऐकत होती. तिला हसून हसून ठसका लागला.

श्रावणात दांडा चढला. गौरी यायच्या आधी दोन दिवस, दिवे लावायच्या वेळी, घरात वास आला. तिघंही बांधाकडे धावली. पहिलं फूल उमललं होतं. राखेने माजलेलं, पारूच्या माहेरच्या माळावरच्यापेक्षाही मोठं. पारूने हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

कमळूला राहवलं नाही. "पारू, मी राब भाजला तवा..."

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं? मामांनी?"

"दगडांनी. माती काळी न् दगड पांढरे. राब भाजताना दगड काय पळून गेले होते?"

कमळूने वाकून दगड पाहिले.

"मग बोलली का नाय?"

"वाटलं, गेलंच. रडणार होते. तेवढ्यात तुमी बैल वळवलेत. म्हटलं, आता फूल नाय आलं तरी चालंल."

पण फूल आलं होतं. गौर आली ती तेरड्याच्या जुडीत पांढरा दांडा खोवूनच. आळीतल्या बाया ओटीवर जमल्या. धोंडीबाईने विचारलं, "पारूच्या माहेरचं ना गो हे?"

"माहेरचं कसलं?" जनाबाई कडाडली. "माझ्या मातीतलं हाय ते!"

पारूने सासूला वाकून नमस्कार केला. हसू दाबत.

पुढे तिकडे दूरदेशी मोठी लढाई सुरू झाली, संपली, धान्य महाग झालं. कमळूची बाकीची घाई तशीच राहिली. कोपऱ्यातले दांडे मात्र वाढत गेले आणि गौरीच्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या बाया त्याच्या बांधावर येऊ लागल्या. देवरामनेही एक कंद मागून नेऊन आपल्या शेताच्या कोपऱ्यात लावला.

पुढच्या पेरणीला कमळू बांधावर बिडी ओढत बसला होता. देवरामचा बैल त्याच्या कोपऱ्याजवळ आला आणि चांगला लांबून वळला.

कमळू नुसता हसला, सावकाश.