आल्टीनची गाडी कुणी ओढली नाही

आमच्या गावाइतकं सभ्य गाव शोधून सापडणार नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. इथे कुणी कुणाला शिवी देत नाही. एखाद्याला आयुष्यातून उठवायचं असलं, तरी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

आल्टीन वूब्स माझी शेजारीण. वय एकोणसत्तर, अंगाने दणकट. चाळीस वर्षं ती या भागाची नर्स होती. सायकलवरून घरोघर जायची. कुणाला इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणा म्हाताऱ्याची अंघोळ. माझ्या आईचं शेवटचे चार महिने तिनेच केलं. गोड बोलणं मात्र तिला जन्मात जमलं नाही. "पाय आहे म्हणून दुखतोय, रडतेस कशाला?" असं ती आईला म्हणायची आणि आई हसायची.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री गावातली पोरं अंगणात सुटं दिसेल ते ओढून चर्चसमोरच्या चौकात नेतात. बाकडी, फाटकं, ढकलगाडे. एकदा तर पाद्रीबाबांचं खुराडं नेलं होतं, कोंबड्यांसकट. एक तारखेला सकाळी ज्याची वस्तू त्याने यायचं, पोरांना चार शब्द सुनवायचे, त्यांच्याच हातून जिनचा एक घोट घ्यायचा आणि आपली वस्तू आपणच घरी न्यायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. सगळे कुरकुरतात, पण ते वरवरचं. ज्याचं काहीच ओढलं जात नाही, त्याला गावाने आपल्यातून काढला, हे लहान मुलालाही कळतं.

आल्टीनचं अकरा वर्षं काही ओढलं गेलं नव्हतं.

कारण सांगतो. एकतीस डिसेंबरला दुपारभर आम्ही शेतात कार्बाइडचे बार काढतो. दुधाच्या जुन्या कॅनमध्ये कार्बाइडचे खडे टाकायचे, पाणी शिंपडायचं, झाकण ठोकून बसवायचं आणि बुडाच्या भोकाशी जाळ धरायचा. झाकण पार चराच्या पलीकडे जाऊन पडतं, घरांची तावदानं थरथरतात. त्या वर्षी सगळ्यात मोठ्या कॅनच्या बुडाला तडा होता. तो कॅन लूकास एफ्टिंगचा. वर्षअखेरीच्या कमिटीचा अध्यक्ष तोच, तेव्हाही आणि आजही. त्याने स्वतःच वेल्डिंग मारलं आणि म्हणाला, "काही होत नाही रे." मी शेजारीच उभा होतो. वेल्डिंगच्या कडेने तडा पुन्हा दिसत होता, तो मी पाहिला. आणखी पाच-सहा जणांनी पाहिला. तिसऱ्या बाराला बूड सुटलं आणि एव्हर्ट नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या गुडघ्यात घुसलं.

आल्टीन धावत आली, पाय बांधला, पोराला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. मग कॅन उलटा करून बघितला. पोलीस आले तेव्हा आम्ही सगळे एका तोंडाने म्हणालो की कॅन धड होता, कुणी काही पाहिलं नाही. आल्टीनने सांगितलं, वेल्डिंग होतं, आणि कुणाचं होतं तेही सांगितलं. दोन वर्षं गावाला बार काढायची परवानगी मिळाली नाही. एव्हर्ट अजून एकेक पायरी थांबत जिना चढतो, पण गावाला दुःख झालं ते बार बंद पडल्याचं.

तिला कुणी एक शब्द बोललं नाही. तिच्याकडून अंडी घेतात, तिच्या गुडघेदुखीची विचारपूस करतात. फक्त वर्षाच्या शेवटच्या रात्री पोरं तिच्या फाटकासमोरून अशी जातात, की तिथे घरच नाही. त्या अपघाताच्या वेळी यातली कितीतरी पोरं लंगोटात होती. त्यांना हे कुणी शिकवलं? घरच्यांनीच, जेवणाच्या टेबलावर, बटाटे वाढता वाढता.

तिच्याकडे बापाची एक हातगाडी आहे, दूध रस्त्यापर्यंत न्यायची. दर डिसेंबरात ती तिला हिरवा रंग द्यायची आणि फाटकाबाहेर उभी करायची. एक तारखेला सहालाच उठून बघायची. गाडी तिथेच. मग दार आपटायची, ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"गाडी आत घे ना," मी एकदा म्हणालो, "पावसात खराब होईल."

"तू छपरं शाकार, यान्नेस. माझ्या गाडीची उठाठेव करू नकोस."

मला गावाचा संताप यायचा, लूकासचा यायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. अपघाताच्या वर्षी लूकासच्या घराचं छप्पर शाकारायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून मी मूग गिळून बसलो, आणि एकदा गिळलेले मूग अकरा वर्षं बाहेर येईनात.

गेल्या वर्षी, एकतीस डिसेंबरला भर दुपारी, आल्टीन स्वतः गाडी ओढत निघाली. शेताच्या कडेने, सगळ्या गावादेखत. बार थांबले. हातातले ओलीबोल, वर्षअखेरीचे तळलेले गोड गोळे, हातातच राहिले, पिठीसाखर कोटांवर सांडली.

"बघताय काय?" ती म्हणाली. "तुमच्या पोरांना माझ्या घराची वाट सापडत नाही. म्हटलं आपणच जावं."

चौकाच्या मधोमध गाडी ठेवून ती घरी गेली. एक तारखेला सगळ्यांनी आपापल्या वस्तू नेल्या. गाडी राहिली. दोन तारखेलाही राहिली. तीन तारखेला पावाच्या व्हॅनला वळता येईना, पण गाडीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. चार तारखेला लूकास तिच्या दारात आला. मी तिथेच अंडी घेत होतो.

"आल्टीन, गाडी घेऊन जा. अडचण होतेय."

"पोरांनी आणली, पोरांना सांग. चार शब्द सुनवते, घोटभर पिते, मग नेते."

"पोरांनी कुठे? तूच आणलीस. सगळ्यांनी पाहिलंय."

"अरे वा, अध्यक्षमहाराज. गावाला दिसायला लागलं म्हणायचं."

लूकासचा चेहरा लाल झाला. "जुनं उकरून काय मिळतं तुला? तो कॅन धड होता."

"धड नव्हता," मी म्हणालो. "तडा होता. मी पाहिला होता, लूकास. तुझ्याशेजारी उभा राहून पाहिला होता."

त्याने टोपी घातली आणि गेला. मला वाटलं, आल्टीन माझ्या खांद्यावर हात ठेवेल. कसला हात.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं माझी अंडी खाल्लीस आणि हे पोटात ठेवलंस. लाज वाटत नाही?"

"वाटते."

"मग इथे वाटून काय उपयोग? जा, गाडी घेऊन ये. चौकातून, रस्त्याने. मागच्या वाटेने नाही."

मी गेलो. आमच्याकडे खिडक्यांना दिवसा पडदे नसतात, त्यामुळे कोण कोण बघत होतं ते मलाही दिसलं. बेकरीवाल्याने मान फिरवली. पाद्रीबाबांनी हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. एव्हर्टच्या घरासमोर तो स्वतः दारात उभा होता. तो काठी टेकत फाटकापर्यंत आला, गाडीच्या मागच्या फळीला हात लावला आणि आल्टीनच्या दारापर्यंत माझ्या चालीने नाही, त्याच्या चालीने आम्ही गाडी नेली.

यंदा एक तारखेला सकाळी सहाला उठून मी माझ्या अंगणात पाहिलं. बाकडं जागच्या जागी होतं, शिडी जागच्या जागी होती, ढकलगाड्यावर कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.