आखाजीला उरलेले दिवस

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुलगी माहेरी गेली नाही, असं आमच्या खानदेशात सहसा होत नाही. अक्षय्य तृतीयेला बाकीचे लोक सोनं घेतात. आमच्याकडे लेकी घरी येतात, झोके बांधतात आणि दोन-तीन दिवस कुणाचं म्हणून ऐकत नाहीत. माझं माहेर पाचोऱ्याजवळ, सासर धुळ्यात. सासूबाईंची काही ना नव्हती. अडून बसले होते ते नाना.

नाना म्हणजे मी नोकरी करायचे त्या बियाण्यांच्या पेढीचे मालक. नव्वद सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. जळगावला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढ्यावर त्यांनी मला माल पाठवायच्या पावत्या छापायला बसवलं होतं. आखाजी झाली की शेतकरी बियाणं घ्यायला निघतो, म्हणून त्याआधी गावोगावच्या दुकानांत माल पोचलेला हवा. "आखाजी उलटेपर्यंत रजेचं नाव काढू नका," असं नानांनी सगळ्यांना बजावलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. मालकाशी भांडायची छाती नव्हती, म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला.

प्रोग्रॅम कसला, पंधरा-वीस ओळी. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'आखाजी' टाइप करायचं, एंटर दाबायचं, की खाली हिरवा आकडा: आखाजीला उरलेले दिवस. एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी चाळीस. आखाजीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरमधून घेतली होती. आजची तारीख मात्र मलाच सांगावी लागे, कारण मशीनची बॅटरी मेलेली होती आणि रोज सकाळी चालू केल्यावर ते आधी तारीख विचारायचं. मी सांगेन तो दिवस, पावत्यांवरसुद्धा तोच.

आकडा तेवीसवर आला त्या दुपारी मला राहवलं नाही. मी मशीनला थेट आखाजीचीच तारीख दिली. शून्य आलं. इतकं बरं वाटलं की पुसवेना. तेवढ्यात बाहेर टेम्पो लागला, हमालांनी घाई केली आणि मी त्या भरात चाळीस पावत्या छापून नानांच्या टेबलावर ठेवल्या.

नानांनी पहिली पावती चष्म्याजवळ नेली. मग दुसरी.

"या दिवशी तर पेढी बंद असते," ते म्हणाले. "कुणी सांगितली ही तारीख?"

मी सगळं सांगून टाकलं. ते उठून मशीनपाशी आले आणि म्हणाले, "खरी तारीख घाल." मी घातली. तेवीस. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. पेढीवर नाना नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. तेव्हा एकदम घरच्या अहिराणीवर आले.

"मनी पोर बी येनार शे," ते म्हणाले. "तिले बी इतलाच दिन." म्हणजे त्यांची लेकही आखाजीला माहेरी यायची होती.

मग चष्मा काढून पुन्हा मालक झाले. "पावत्या सगळ्या परत काढ. टेम्पो थांबलाय. आणि उद्या रजेचा अर्ज आण." दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आल्या आल्या ते विचारू लागले, "किती?" मी आकडा सांगायचे.

भाऊ न्यायला आला, मी गेले. आईला मशीनची गोष्ट चार-चारदा सांगितली. तिला ती दर वेळी नवीनच वाटायची. परतताना एसटीच्या खिडकीशी उभी राहून तिने विचारलं, "आते कितला दिन शेतस वं?"

"पुढच्या आखाजीला किती, ते पेढीवर गेले की बघून कळवते," मी म्हणाले.

पेढीवर गेले, 'आखाजी' टाइप केलं, एंटर दाबलं. उणे सहा. तो दिवस येऊन गेल्यावर काय करायचं, हे मी प्रोग्रॅममध्ये लिहिलंच नव्हतं. पुढची तारीख घालावी म्हटलं, तर भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरला संपत होतं, आणि पुढच्या वर्षीची तीज कोणत्या तारखेला पडेल हे मला काय ठाऊक? मशीनसमोर बसून मला रडू आलं. नानांनी पाहिलं, पण त्या दिवशी त्यांनी "किती?" विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी आईला पोस्टकार्ड लिहिलं: मशीनला विचारलं. अजून एक वर्ष, त्यातून सहा दिवस कमी.