पांढऱ्या कोटांवरच्या लाल रेघा

त्यांना सगळे कोटवाल्या काकूच म्हणत. तेवीस वर्षं त्या दवाखान्यांसाठी पांढरे कोट शिवत होत्या. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. उन्हाच्या बाजूला मोठी खिडकी, तिला लागून कापडाचं टेबल, डाव्या हाताला मशीन. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने टीप घालायची तर उजेड हवाच, म्हणून त्या खिडकीला त्यांनी कधी पडदा लावला नाही.

काकूंचे यजमान बसचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. जन्मभर डांबराकडे बघत बसलेल्या या माणसाला घरी आल्यावर गवताचं वेड लागलं. खिडकीखालच्या पडीक जागेत त्यांनी हिरवळ लावली आणि पार भिंतीला भिडवली. रोज पाणी, दर पंधरा दिवसांनी खत. चप्पल घालून कुणी पाय ठेवला तर त्याची धडगत नसे.

"अहो, गवत आहे ते, गालिचा नाही," काकू म्हणायच्या.

"तुला नाही कळायचं त्यातलं," हे ठरलेलं उत्तर.

थंडी सरून ऊन चढू लागलं, तेव्हा काकूंच्या हातात साठ कोटांचं काम होतं. एके दिवशी टेबलावर एक लाल ठिपका चालताना दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. त्यांनी तो अंगठ्याने दाबला आणि त्याच अंगठ्याने कॉलर दुमडली. कॉलरवर लाल रेघ उमटली. काकू नळाकडे धावल्या. साबण लावला, घासलं, तरी फिकट गुलाबी डाग हटेना. मान वर करून बघतात तो खिडकीच्या चौकटीवर असे शेकडो ठिपके लगबगीने फिरत होते.

नेमक्या त्याच दिवशी धाकट्या नणंदबाई आल्या. "वहिनी, ढेकूण झालेत तुमच्याकडे!" असं म्हणून त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही आणि चहा न घेताच निघाल्या. संध्याकाळपर्यंत दोन जावांचे फोन येऊन गेले. ज्यांच्या घरात जमिनीवर पडलेला दोरासुद्धा तिथेच राहत नसे, त्या काकूंना हे फार लागलं.

यजमानांनी फवाऱ्याचा डबा आणला आणि खोलीभर मारला. कापडाला औषधाचा वास लागला, किडे मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी उचलली.

"थांबा, थांबा!" काकू ओरडल्या, पण तोवर पांढरी चौकट लालेलाल झाली होती.

आता काकूंनीच मनावर घेतलं. सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं. आठ पाय, त्यांतले पुढचे दोन चांगलेच लांब. म्हणजे ढेकूण नक्कीच नव्हेत. शिवाय सकाळी एकही दिसत नसे. अकराच्या सुमारास ऊन भिंतीवर आलं की रांग लागे. काकूंनी खिडकीतून वाकून पाहिलं. रांग भिंतीवरून खाली जात होती, थेट हिरवळीत.

चिकटपट्टीवर चार किडे चिकटवून त्या रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेल्या. यजमान खत घ्यायचे ते तिथूनच.

"गवताचा रस पिणारे बारीक कोळी आहेत हे," पट्टी डोळ्यांजवळ धरत बाई म्हणाल्या. "चावत नाहीत, कापडही खात नाहीत. तो लाल रंग त्यांचा स्वतःचा, कुणाचं रक्त नाही. गवत भिंतीला चिकटलेलं आहे का? खत घालून वाढवलेलं?"

"लेकरासारखं."

बाई हसल्या. "मग भिंतीलगतचं दोन फूट गवत काढा आणि नुसती खडी टाका. मोकळी जागा ओलांडून ते फारसे येत नाहीत. खताला हात आखडता घ्या. घरात आले तर चिरडू नका, व्हॅक्यूमने ओढा नाहीतर साबणाच्या ओल्या फडक्याने अलगद टिपा."

टिपणं सोपं होतं. सांगणं अवघड होतं. तीन दिवस काकू गुपचूप फडकं फिरवत राहिल्या. शुक्रवारी जेवताना यजमानांनीच विचारलं, "एवढं काय मनात धरून बसली आहेस?"

काकूंनी सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले आणि हात धुऊन बाहेर गेले. रागावले, असंच काकूंना वाटलं. पण खिडकीतून पाहिलं तर साहेब वाचायचा चष्मा लावून, गुडघे टेकून, भिंतीला नाक लावून बसलेले.

"माझ्याच गवतातून येतायत की हे!" ते खालूनच म्हणाले. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्या गवताशी बोलता सकाळी. मी ऐकलंय."

यजमान कानापर्यंत लाल झाले. मग दोघांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ घेतली. गवत मुळासकट, पट्ट्या पट्ट्यांनी काढलं आणि फाटकाजवळच्या उघड्या मातीत नेऊन लावलं. टाकून काहीच दिलं नाही. भिंतीलगत खडी पसरली. जुन्या डेपोत जाऊन बसच्या खिडक्यांना लावतात ती रबराची पट्टी मागून आणली आणि चौकटीच्या फटीत अशी चपखल बसवली की काकू बघतच राहिल्या. दोन आठवड्यांत किडे इतके कमी झाले की शोधावे लागत. साठही कोट वेळेवर गेले. एकाची कॉलर तेवढी नवी लावली होती, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. नणंदबाईंना काकूंनी मुद्दाम बोलावून चहा पाजला, तोही दोन कप.

पुढे यजमानांनी त्या खडीवर एक बाक ठेवला. दुपार कलली की काकू बटणांचा डबा घेऊन तिथे बसतात. शेजारच्या गृहस्थांनी आता हिरवळ लावायला घेतली आहे, आणि कुंपणावरून वाकून यजमान त्यांना समजावतात, "भिंतीपासून दोन फूट सोडा हं. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं, मी सांगतो ना."

काकू मान वर न करता बटण लावत राहतात.