हिराकाकीचा पाय

हिराकाकी आमच्या सरावली गावात आली की आधी माणसांना पाय लावायची आणि मग मासळी विकायची. आमच्या चाळीच्या ओट्यावर पाटी उतरवायची, पदराने मान पुसायची आणि विचारायची, "कोन हाय आज लचकलेला?" कुणी ना कुणी असायचंच. चाळीतले बहुतेक पुरुष कारखान्यात ओझी उचलणारे. एखाद्याच्या पाठीत उसण भरलेली असली की तो ओट्यावर पालथा पडायचा. काकी चप्पल काढून डावी टाच त्याच्या पाठीला तीनदा लावायची आणि त्याच दमात म्हणायची, "बोंबील ताजं हायत. घेनार का?"

काकी पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय लागला की लचक उतरते हे माझ्या साताऱ्याच्या आईला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच शेजारच्या बिहारी भाभीला. किनाऱ्यावरून एसटीने येणाऱ्या चार-पाच कोळणी होत्या, पण चाळ हिराकाकीसाठी थांबायची. ती बुटकी, रुंद, बोलायला फटकळ. कुणी पापलेट दाबून बघितलं तर म्हणायची, "त्याला कशाला दुखवतंस? तो मेलाय, तरी त्याला कळतंय."

पाय लावून झाल्यावर ती प्रत्येकाला एक अट घालायची. "आता पंदरा दिस ओजा उचलाचा नाय. उचललास तं गुन जाल." ही अट लोक देवाच्या नवसासारखी पाळत. डॉक्टरने सांगितलेली विश्रांती मात्र तेच लोक दुसऱ्या दिवशी मोडत.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी नववीत होते आणि शाळेच्या खो-खो संघात मला तोड नाही असं मला वाटत होतं. महिन्याभराने पालघरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सरावात पोल मारताना, म्हणजे खांबावर झेपावताना, माझा उजवा पाय मुडपला आणि घोटा बघता बघता सुजला. घरी आईने आंबेहळद कढवायला घेतली, भाभी तेल घेऊन चोळायला बसली. तेवढ्यात काकी आली आणि दोघींवर खेकसली. "चोळू नको! आग हाय ती, तिच्यावर तेल वतता?" तिने पाटीतल्या मासळीखालचा बर्फ काढला, लुगड्याच्या धडप्यात बांधला आणि घोट्यावर धरला. मग उशीवर पाय उंच ठेवायला लावून पट्टी गुंडाळली. चार दिवस माझ्या पायाला बोंबलाचा वास येत होता. पट्टी बांधून झाल्यावर तिने टाच लावली, तीनदा. "पंदरा दिस धावाचा नाय, सुमे."

पाचव्या दिवशी सूज उतरली. पायाळूचा पाय लागलाय, आता कसली भीती, असं मी मनाशी म्हटलं. आई पाण्याला गेलेली बघून मी मैदानावर गेले. नुकतीच चुन्याची फक्की मारून मैदान आखलं होतं. दुसऱ्याच फेरीला घोटा पुन्हा वळला, या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. लंगडत घरी आले आणि बाबांसमोर, सगळ्या चाळीसमोर शपथेवर सांगितलं की मी खाटेवरून उतरलेसुद्धा नाही, पाय आपोआप सुजला. बाबांच्या हाताची मला फार भीती होती.

काकी आली. तिने पाय हातात घेतला, उलटसुलट पाहिला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि काहीच न बोलता बर्फ बांधला. भाभी मात्र बोलली, "अब इनके पैर में असर नहीं रहा." बघता बघता ते चाळभर झालं. पुढच्या आठवड्यात ओट्यावर कुणी पालथं पडलं नाही. काकी पाटी उतरवायची, "कोन हाय आज लचकलेला?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता सुरी काढायची. मी खिडकीतून बघत असायचे. मला तेव्हा लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

माझ्याकडे यायचं तिने सोडलं नाही. मासळी संपली की ती मला शेजारच्या बांधकामाच्या रेतीवर बसवायची. "अंगठ्यान नाव लिव तुजा. आता बापाचा. आता गावाचा." तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण घोटा कुठे अडतो ते बरोबर दिसायचं. पुढे उभं करायला लागली. रिकामी पाटी माझ्या डोक्यावर, पाटीत काठोकाठ भरलेला तांब्या आणि मी दुखऱ्या पायावर एकटीच उभी. "पानी सांडला तं पाय कच्चा. ज्या दिशी सांडनार नाय, त्या दिशी धाव."

निवडीच्या आदल्या दिवशी पाणी सांडलं. थोडंसंच, पण माझ्या मानेवरून ओघळलं. काकी म्हणाली, "नाय."

"मी जाणारच," मी ओरडले. "एवढ्यासाठी वर्षभर धावले मी."

"जा. मागल्या खेपेसारकी टाचेला फक्की घिऊन ये."

म्हणजे त्या दिवशी माझ्या टाचेची फक्की तिने पाहिली होती. "मग तू बोलली का नाहीस, काकी? तुझ्या पायाचं नाव गेलं."

"बोलली असती तं बापान तुला मारली असती, नि तू माज्याफुडं परत पाय ठेवला नसतास." तिने तांब्यातलं उरलेलं पाणी रेतीवर ओतलं. "नि पायात कसला गुन? गुन बसून ऱ्हान्यात हाय. नुसता बस म्हटला तं कोन बसतो? म्हनून पाय लावाचा."

मी निवडीला गेले नाही. त्या दिवशी दिवसभर रडले आणि काकीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात आले आणि त्यानंतर आठ वर्षं तो घोटा एकदाही वळला नाही. चाळीला खरं काय ते सांगायचं मी ठरवलं होतं. ते ठरवण्यातच राहिलं. बाबांनी पालघरला खोली घेतली, आम्ही गेलो आणि काही वर्षांनी बाजारात एका कोळणीकडून कळलं की हिराकाकी गेली. शेवटपर्यंत पाटी घेऊन यायची, पण पाय लावून घ्यायला कुणी येत नसे, असं तीच म्हणाली. याला कारण मी होते, हे मी तिलाही सांगितलं नाही.

पुढे मी कोळगावच्या बाजूला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. एका पावसाळ्यानंतर आमच्या संघातल्या एका धावणारीचा घोटा मुडपला. स्पर्धा तोंडावर, मुलगी हट्टी. मी बर्फ लावला, पट्टी बांधली, विश्रांती सांगितली. मुलगी मान डोलवत होती, पण तिची नजर मैदानावर होती. ती नजर मला चांगली ओळखीची. तिची आई दारातून म्हणाली, "बाई, तुमी पायाळू हाव का? आमच्याकडं कोनी ऱ्हायला नाय आता."

मी चारचौघांसारखी, डोक्याकडूनच जन्मलेली.

"हो," म्हटलं, आणि चप्पल काढून डावी टाच मुलीच्या घोट्याला तीनदा लावली. "आता पंधरा दिवस धावायचं नाही. धावलीस तर गुण जाईल."