सालाखालची खूण

पैशाला तोंडावरून ओळखणारा आणि किमतीनं न ओळखणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. माजलगावात मोंढ्यामागच्या गल्लीत आमच्या मावसांची पिठाची गिरणी आहे. तिथं आलेलं प्रत्येक नाणं गल्ल्यात पडण्याआधी त्यांच्या अंगठ्याखालून जायचं. नाण्यावर पिठाची चिमूट टाकायची, अंगठ्यानं दाबून फिरवायची आणि फुंकर मारायची. वरचं पीठ उडून जातं, आकड्यांच्या कडेनं बसलेलं तेवढं राहतं, आणि झिजून गेलेलं सालसुद्धा लख्ख वाचता येतं. याला गव्हाचं पीठ चालत नाही म्हणे, बाजरीचं तेलकट पडतं. ज्वारीच पाहिजे, तीही मालदांडी. एवढं झालं की मावसा सालाच्या खाली बघत. तिथं टांकसाळीची बारीक खूण असते. चौकट असली तर नाणं मुंबईचं, टिंब असलं तर नोएडाचं, काहीच नसलं तर कोलकात्याचं, आणि चांदणी असली तर हैदराबादचं. चांदणी निघाली की मावसा खूश. आपल्या माणसाची गाठ पडल्यासारखं ते नाणं समोरच्याला दाखवत आणि म्हणत, "आपल्याकडचा हाय." समोरच्या बाईला दळणाची घाई असायची. ती म्हणायची, असू द्या, पण माझं दळण बारीक काढा.

निवडलेली नाणी ते मावशीच्या पितळी पानाच्या डब्यात ठेवत. सुपारीच्या खणात हैदराबाद, काताच्या खणात मुंबई, लवंगांच्या खणात चुकीची छापलेली, आणि चुन्याच्या डबीत परदेशी. मध्यंतरी सरकारनं काही रुपये बाहेरच्या देशांत पाडून आणले होते, त्यातले तीन त्यांना सापडले होते. चौथा, आफ्रिकेतला, काही केल्या सापडत नव्हता. त्याच्या सालाखाली लंबगोलात बारीक इंग्रजी एम असतो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की आमच्या कचेरीतल्या प्रत्येक सहीखाली मला तो एम दिसायला लागला होता. मावशीचं पान मात्र डब्याअभावी सुटलं ते सुटलंच. नाण्याला आमच्याकडं कलदार म्हणतात. ती म्हणायची, "कलदाराकडं बघतेत तसं माझ्याकडं एकदा बघितलं असतं, तर मी बी खाली चांदणी काढून घेतली असती."

या नादात मावसांनी पैसे किती घालवले, याला हिशेब नाही. देवळात आरतीचं ताट आलं की ते दहाची नोट टाकून त्यातला एखादा रुपया उचलत; पुजाऱ्याला ते गावातले सगळ्यात मोठे दानशूर वाटायचे. आमच्याकडं दहाचं नाणं चालत नाही अशी अफवा मध्यंतरी उठली, ती कुणी उठवली देव जाणे, पण किराणावाले घेईनात आणि रिक्षावालेही घेईनात. तेव्हा मावसांनी गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं, "दहाचे कलदार चालतात." आठवड्याभरात माजलगावातली सगळी दहाची नाणी त्यांच्या गल्ल्यात येऊन पडली. मावसा हरखून गेले आणि दुकानातला वाणी त्या नाण्यांवर त्यांना साखर देईना. एकदा बीडला माझ्याकडं यायला निघाले ते कंडक्टरच्या पिशवीवर नजर ठेवूनच. ओळखीचा कंडक्टर, त्यानं मांडीवर चिल्लर ओतून दिली. बीडच्या स्टँडवर गाडी लागली तरी अर्धी चिल्लर बघायची राहिली होती, म्हणून मावसा तिकीट काढून त्याच गाडीनं परत माजलगावला गेले. मी स्टँडवर दीड तास उभा. संध्याकाळी फोन आला, प्रवास लई झकास झाला म्हणून.

असा हा माणूस माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाला आला. मांजरसुंब्याजवळ हायवेला लागून मंगल कार्यालय घेतलं होतं. सकाळीच मावसांनी मला बाजूला घेऊन रुपयाची वीस नाणी मागितली. कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. आहेराच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर रुपया चिकटवलेला असतो, आणि अशी शेकडो पाकिटं एका जागी म्हणजे मावसांची दिवाळीच. मी देवकार्यासाठी आणलेल्या चिल्लरीतली वीस नाणी मोजून त्यांच्या हातावर ठेवली. डिंकाची बाटली त्यांनी घरूनच आणली होती. आहेर घेणाऱ्यांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून मावसा बसले. आवडता रुपया दिसला की तो सोडवायचा, त्या जागी आपला लावायचा, अंगठ्यानं दाबून धरायचा. पाकिटातल्या नोटांकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी लांबून बघत होतो आणि मला हसू येत होतं.

दुपारी जेवणाची पंगत चालू असताना मावसांना आफ्रिका सापडली. मी तेव्हा तिथंच होतो. त्यांनी रुपया सोडवला, खिशातल्या पुडीतलं पीठ लावलं, फुंकर मारली, पुन्हा पीठ लावून पुन्हा फुंकर मारली. "आला बाबा," एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात मागून नवरदेवाचे चुलते आले. गावचे पुढारी माणूस, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, सोबत चारपाच जण. त्यांनी बघितलं ते एवढंच, की एक पीठ लागलेला म्हातारा आहेराच्या पाकिटावरचा रुपया काढून हातात धरून बसलाय. त्यांनी मोठ्यानं विचारलं की हे काय चाललंय, हा माणूस कुणाचा. आजूबाजूचे जेवता जेवता थांबले.

मावसा अजिबात घाबरले नाहीत. त्यांना वाटलं, हे पण कलदार बघायला आले. त्यांनी तो रुपया पुढं केला, सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, पण चुलत्यांचा आवाज चढला तसं त्यांना समजलं की आपल्याला चोर म्हणतायत. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "याला इचारा. रुपयाच्या जागी रुपया लावतो मी. यानंच दिलेत सकाळी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला फक्त होय म्हणायचं होतं. पण समोर मुलीच्या सासरचा माणूस होता, अजून पाठवणी व्हायची होती, आणि आहेराच्या पाकिटांवरची नाणी बदलायला मीच चिल्लर पुरवली, हे चारचौघांत कबूल करायची मला लाज वाटली. मी हात जोडून हसलो आणि म्हणालो, "जाऊ द्या हो, वय झालंय त्यांचं."

चुलते लगेच निवळले, माझ्या पाठीवर थाप मारून गेलेसुद्धा. प्रकरण किती शिताफीनं मिटवलं, असं तेव्हा मला वाटलं होतं. मावसांनी आफ्रिकेतला रुपया परत त्याच पाकिटावर डिंकानं लावला, वाळेपर्यंत दाबून धरला. माझी उरलेली नाणी माझ्या हातात दिली आणि मावशीला घेऊन पाठवणीआधीच निघून गेले.

पाकिटं आमच्याच घरी आली होती. मी रात्र रात्र जागलो नाही की काही नाही, पण चौथ्या दिवशी कचेरीतून रजा काढून एकेक पाकीट बघत बसलो. मावसांनी परत लावलेला आफ्रिकेतला रुपया ओळखू येत होता, कारण त्याच्या भोवती ज्वारीचं पीठ होतं. तो घेऊन मी माजलगाव गाठलं. वाटलं, रुपया बघितला की म्हातारा सगळं विसरेल. माणसाला आपण किती स्वस्तात काढतो, ते मला गिरणीच्या पायरीवर कळलं.

गिरणी चालू होती. दाराला फोनवरून पैसे द्यायचा चौकोनी कागद चिकटवला होता. पूर्वी असला कागद लावायला मावसा साफ नाही म्हणायचे. मला बघून त्यांनी बस म्हटलं, मुलगी कशी आहे विचारलं, चहा मागवला. मी रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांचा अंगठा सालावर जाऊन थांबला. क्षणभरच, पण मी तो थांबलेला बघितला.

"मावसा, बघा की सालाखाली," मी म्हणालो.

"वय झालंय बाबा माझं," ते म्हणाले. "बारकं दिसत न्हाई आता."

आवाजात राग असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता. तेवढ्यात एक बाई दळण न्यायला आली, वीसची नोट दिली. मावसांनी सुटे मोजले, त्यातच तो रुपया घातला आणि तिला दिला. तिनं न बघता चिल्लर कमरेच्या पिशवीत टाकली आणि डबा डोक्यावर घेऊन ती गल्लीतून निघून गेली. मी उठून तिच्या मागं गेलो नाही. मांडवात होय म्हणायचं राहिलं, तसं तेही राहिलं.

निघताना मावशीनं दारात सांगितलं की लग्नाहून आल्या आल्या त्यांनी पानाचा डबा गल्ल्यात रिकामा केला आणि घासून तिला परत दिला. चांदण्या, चौकटी, तीन परदेशी, सगळं सुट्ट्यांत गेलं. "आता मी पान खाते," मावशी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता मी अधूनमधून माजलगावला जातो. कुणी सुटे दिले की मी तिथंच उभा राहून एकेक नाणं उलटून बघतो. खिशात ज्वारीच्या पिठाची पुडी असते. लोक हसतात, चहावाला तर मला गिरणीवाल्याचा वारस म्हणतो. परवा एक चांदणी निघाली. गिरणी शंभर पावलांवर होती, आत जात्याचा आवाजही येत होता. पण ती चांदणी घेऊन आत जायचं तर आधी ते एक वाक्य परत घ्यायला हवं, आणि ते मी भरल्या मांडवात बोललो होतो. नुसतं गिरणीत, दोघांत, ते परत घेतलं जात नाही. पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न आहे. आहेराच्या टेबलाशेजारी मी एक खुर्ची ठेवणार आहे, आणि ती कुणासाठी आहे ते माइकवरून सांगणार आहे. मावसा येतील का, ते मला माहीत नाही.